आधी निर्णय, मग प्रश्नावली

पुण्यात उन्हाळा सरला की कॉलेजांच्या आसपासच्या बाइंडिंगच्या दुकानांत एकाच साच्याचे अहवाल थप्पी लावून ठेवलेले दिसतात. काळं किंवा मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आत व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा उन्हाळी प्रकल्प. कोणताही उचलून पाहा. विषय ‘ग्राहकांचे समाधान’ किंवा त्याचा सख्खा भाऊ. नमुना शंभराचा. नमुना निवडण्याची पद्धत ‘सोयीनुसार’. मग पंधरा-वीस रंगीत पाय चार्ट आणि प्रत्येकाखाली ‘वरील आकृतीवरून असे दिसून येते की बहुतांश ग्राहक समाधानी आहेत’ हे वाक्य. शेवटी शिफारस: कंपनीने जाहिरातीवर अधिक भर द्यावा. ती शंभर माणसं कोण, तर वर्गातली पोरं, त्यांचे रूममेट आणि गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे काका-मावश्या. कंपनीत हा अहवाल कोणी उघडत नाही. त्यात कंपनीचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

याच शहरात दुसरीकडे लक्ष्मी रोडवरचा कापडवाला, भवानी पेठेतला होलसेलवाला, भोसरीत दोन सीएनसी मशीनं टाकून बसलेला जॉबवर्कवाला लाखोंचे निर्णय नुसत्या अंदाजावर घेतात. अनेकदा ते बरोबर ठरतात, कारण त्या अंदाजामागे वीस-पंचवीस वर्षांची रोजची निरीक्षणं असतात. धंदा ओळखीच्या पेठेत, ओळखीच्या गिऱ्हाइकांत चालतो तोवर अंदाज पुरतो. नवा भाग, नवा माल किंवा नवी पिढी आली की तोच अंदाज तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो. आणि तो चुकतोय हे कळायला गाळ्याचं डिपॉझिट अडकून पडावं लागतं.

हे पुस्तक या दोघांसाठी आहे. विद्यार्थ्याला पद्धत शिकवली जाते, पण निर्णय कुठला घ्यायचा आहे हे त्याला कोणी सांगत नाही. दुकानदारापुढे निर्णय रोज उभा असतो, पण पद्धत म्हटलं की त्याला कॉलेज आठवतं. संशोधन पद्धतींवरची बहुतेक पुस्तकं व्याख्यांपासून सुरू होतात: संशोधन म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, गृहीतक कशाला म्हणावं. या पुस्तकाची सुरुवात एका आडमुठ्या प्रश्नाने होते. उत्तर ‘हो’ आलं तर तुम्ही काय करणार, आणि ‘नाही’ आलं तर काय वेगळं करणार? दोन्ही वेळा तेच करणार असाल तर पाहणीवर एक रुपयाही खर्च करू नका. माझं या विषयात एकच ठाम मत आहे आणि ते हेच.

एक उदाहरण पूर्ण आकड्यांसह मांडतो. सदाशिव पेठेत फरसाण आणि मिठाईचं जुनं दुकान आहे असं समजू. मुलगा म्हणतो, वाकडला शाखा काढू. वडील म्हणतात, तिकडे आपलं कोण खातंय? शेवटी भाच्याला बोलावून गूगल फॉर्म करायचं ठरतं: ‘आमच्या दुकानाची शाखा वाकडला सुरू झाल्यास आपल्याला आवडेल का?’ दीडशे उत्तरं येतात, त्यातली एकशे तीस ‘हो’. मुलाला स्फुरण चढतं. खरं तर या एकशे तीस होकारांनी काहीच सांगितलेलं नाही. शाखा निघाल्याने उत्तर देणाऱ्याचं काही जात नाही. मग ‘हो’ म्हणायला काय हरकत?

आता निर्णयाच्या बाजूने या. गाळ्याचं भाडं महिना ८०,००० रुपये, तीन माणसांचे पगार ६०,०००, वीज, पॅकिंग, पेठेतून रोज माल नेणारा टेम्पो वगैरे ४०,०००. एकूण १,८०,०००. मालावर सुटणारे पैसे शेकडा ३० धरले तर हा खर्च भागायला महिन्याला ६ लाखांची विक्री हवी, म्हणजे दिवसाला २०,०००. एका गिऱ्हाइकाचं सरासरी बिल २५० असेल तर दिवसाला ८० बिलं. निम्मा धंदा संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात होतो असं पेठेतली बिलबुकं सांगत असतील, तर त्या चार तासांत ४० बिलं, म्हणजे तासाला १०, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक. घरात ज्या प्रश्नावर वाद चालला होता तो ‘तिकडे आपलं खातात का’ असा होता. तो आता ‘त्या रस्त्यावर संध्याकाळी दर सहा मिनिटांनी एक गिऱ्हाईक आपल्या दारात येईल का’ असा झाला. हा प्रश्न मोजता येतो.

मोजायचं कसं? त्याच रस्त्यावर आधीपासून चालणारं मिठाईचं दुकान असेल तर समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं, वही उघडायची आणि हातात पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्याची एक रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. मंगळवारी एकदा, शनिवारी एकदा, रविवारी एकदा. पण त्याही आधी, टपरीवर जाण्यापूर्वी, घरी बसून वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहायचं: तासाला सहापेक्षा कमी पिशव्या दिसल्या तर गाळा घ्यायचा नाही, पंधराच्या वर दिसल्या तर बोलणी सुरू करायची, मधला आकडा आला तर दोन शनिवार-रविवार जवळच्या सोसायटीत स्टॉल लावून पाहायचा. हे आधी लिहिणं फार महत्त्वाचं. मोजून झाल्यावर प्रत्येक आकडा आपल्या मनासारखा वाटू लागतो. नऊ आले तर मुलगा म्हणतो ‘जवळपास दहाच की’, वडील म्हणतात ‘दहासुद्धा नाहीत’. आणि मधला आकडा आलाच, तर स्टॉलवर किती किलो बाकरवडी खपली हे त्या दीडशे फॉर्मांपेक्षा जास्त खरं बोलतं, कारण तिथे लोकांनी मत दिलेलं नसतं, पैसे दिलेले असतात.

धंद्याची अशी शिस्तीत पाहणी करणं ही परदेशी बिझनेस स्कूलकडून आलेली नवलाई आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. तो दूर करायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या कामांत काय होतं पाहा: १९३३ साली प्रसिद्ध झालेली पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी, १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी, १९४० साली वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी. फळं, बस, शेती. तेव्हाच्या अर्थशास्त्रज्ञाला मंडईतली फळं हा विषय हलका वाटला नाही, ही गोष्ट मला आजही विशेष वाटते. याच काळात, १९३६-३७ मध्ये, संस्थेने साऱ्या पुणे शहराचीच सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये छापून आला, सामाजिक भाग १९५२ मध्ये.

मधल्या वर्षांत महायुद्ध होऊन गेलं, फाळणी झाली, पिंपरीला निर्वासितांची वसाहत उभी राहिली. म्हणजे पुस्तक हातात आलं तेव्हा त्यातलं पुणं मागे पडलेलं होतं. संस्थेला याची जाण होती. १९५४ मध्ये शहराची फेरपाहणी झाली आणि सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी तिचं पुस्तक १९५६ मध्येच बाहेर काढलं. अभ्यासकाला दोन पाहण्या शेजारी ठेवून शहर कसं बदललं ते वाचता येतं, त्यामुळे उशीर झाला तरी काम वाया जात नाही. व्यापाऱ्याचं तसं नसतं. दिवाळीच्या मालाचा अंदाज तुळशीच्या लग्नाला मिळून उपयोग काय? धंद्यासाठी केलेल्या संशोधनात थोडी कमी अचूक पण वेळेवर आलेली माहिती पुष्कळदा जास्त मोलाची ठरते. विद्यापीठाच्या संशोधनाशी त्याचा खरा फरक इथे आहे. बाकी मोजण्याची शिस्त दोन्हीकडे तीच.

गाडगिळांचं नाव घेण्याचं आणखी एक कारण आहे. हा माणूस पाहणी लिहून थांबला नाही. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली, तिच्या संचालन समितीतही ते होते. ७५ जिल्हे, ६०० गावं. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा किती, तर जेमतेम ३ टक्के. उरलेल्यातला मोठा हिस्सा सावकारांचा. सहकार चळवळीला तोवर जवळपास पन्नास वर्षं होत आली होती आणि भाषणांतून तिचा जयजयकार चालू होता. त्या एका आकड्याने तो बंद पडला. १९५४ मध्ये अहवाल आला, त्यात सरकारी भागीदारीची मोठी व्यापारी बँक काढण्याची शिफारस होती, आणि १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाहणीमुळे निर्णय झाला असं म्हणायला याहून ठळक उदाहरण आपल्या देशात सापडणं अवघड आहे.

उद्योगातलं उदाहरण हवं असेल तर तेही पुण्यातच आहे. २०००-०१ या वर्षात टाटा मोटर्सला, तेव्हाच्या टेल्कोला, सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. ट्रकचा धंदा मंदीत अडकला होता. त्यानंतर लहान मालवाहू गाडीची कल्पना पुढे आली आणि ते काम पुण्यातले तरुण अभियंते गिरीश वाघ यांच्या चमूकडे गेलं. या मंडळींनी ड्रॉइंग बोर्डावर बसण्याआधी तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी, ट्रकवाल्यांशी, माल पाठवणाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. माल किती असतो, कुठून कुठे जातो, एका फेरीचे किती मिळतात, गाडी बसते कुठे. त्यात एक गोष्ट अशी पुढे आली जी कुठल्याही प्रश्नावलीत आधी छापता आली नसती: तीनचाकीवाल्याला चारचाकी हवी होती ती केवळ जास्त मालासाठी नव्हे. दारात चार चाकांची गाडी असली की गावात मान मिळतो, लग्नाच्या बाजारात भाव वधारतो. मे २००५ मध्ये ‘एस’ बाजारात आली. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत तिच्या कुटुंबातल्या गाड्यांची विक्री वीस लाखांवर गेली.

पुढे त्याच कंपनीने, त्याच अभियंत्याच्या नेतृत्वाखाली नॅनो केली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली तेव्हा जगभर तिचं कौतुक झालं. मुळात निरीक्षण खरं होतं: नवरा, बायको आणि दोन पोरं एका स्कूटरवर बसून पावसात चालली आहेत हे दृश्य कोणत्याही शहरात दिसायचं. हिशोबही चोख होता, लाख रुपयांचा. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची ठेवली गेली. पण विक्री सर्वांत चांगल्या वर्षीही पाऊण लाखापर्यंतच पोचली, आणि दहा वर्षांत गाडी बंद पडल्यात जमा झाली. सिंगूरच्या आंदोलनाने झालेला उशीर, सुरुवातीच्या आगीच्या घटना, डिझेल गाड्यांकडे वळलेलं गिऱ्हाईक अशी कारणं अनेक सांगता येतात. रतन टाटांनी मात्र नंतर स्वतःच म्हटलं की ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का तिला बसला आणि तो बसवण्यात कंपनीचाही हात होता.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं. छोटा हाथी विकायला ज्या मानाने मदत केली, त्याच मानाने नॅनोला मारलं. टेम्पोवाल्याला तीनचाकीवरून वर चढायचं होतं. स्कूटरवाल्यालाही वरच चढायचं होतं, पण शेजाऱ्यांनी ‘सर्वांत स्वस्तातली घेतली वाटतं’ म्हणावं इतपत नाही. पावसात भिजणारं कुटुंब डोळ्यांनी दिसतं. पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्या अल्टोशेजारी आपली गाडी लावताना काय वाटेल हे तसं दिसत नाही, ते बोलून, रेंगाळून, घरात बसून चहा घेत काढून घ्यावं लागतं. संख्यात्मक पाहणी मोठी की गुणात्मक, हा कॉलेजातला आवडता वाद आहे. मला तो पोकळ वाटतो. काय मोजायचं हे गप्पांतून कळतं, आणि किती आहे हे मोजून. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. अर्थात यश आणि अपयश कळल्यानंतर मागे वळून कारणं जुळवणं सोपं असतं, हेही वाचकाने लक्षात ठेवावं. मी वर केलं ते थोडंफार तेच आहे.

प्रश्न कसे विचारावेत यावर या पुस्तकात एक लांबलचक प्रकरण आहे आणि ते कंटाळवाणं वाटलं तरी वगळू नका. थोडक्यात तत्त्व असं: पुढे काय कराल हे विचारू नका, मागे काय केलंत ते विचारा. ‘घरपोच ताजी फळं मिळाली तर घ्याल का?’ या प्रश्नाला कोथरूडच्या कुठल्याही घरात ‘हो, चालेल की’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मागच्या आठवड्यात फळं कुठून आणलीत? कोणी आणली? किती रुपये गेले? पिशवीतलं किती वाया गेलं?’ असं विचारलं की वहिनी आतून डबा आणून दाखवतात, नवरा ऑफिसातून येताना नळस्टॉपच्या गाडीवरून आणतो हे कळतं, आणि त्या गाडीवाल्याशी आपली स्पर्धा आहे हेही कळतं. पुणेकराला ‘तुमचं मत काय’ म्हणून विचारण्यात आणखी एक धोका आहे. तो देतो. मत देण्यात या शहराने कधी हात आखडता घेतलेला नाही.

कोणाला विचारायचं, हा भाग त्याहून अवघड. शंभरांना विचारलं तर टक्केवारीत साधारण दहा इकडे-तिकडे होऊ शकतात, चारशेंना विचारलं तर पाच, आणि अडीचवर आणायचं तर सोळाशेंकडे जावं लागतं. म्हणजे चूक निम्मी करायला खर्च चौपट. शहर पाच लाखांचं असो की पन्नास लाखांचं, या हिशोबात फारसा फरक पडत नाही. वाचकाला हे नेहमी खोटं वाटतं, म्हणून पुस्तकात ते उदाहरणाने दाखवलं आहे. पण हा सगळा हिशोब लागू होतो तो नमुना खरोखर यादृच्छिक असेल तरच, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी असेल तरच. आज हिंजवडी-बाणेरच्या सोसायट्यांत पाहणी करणाऱ्या पोराला गेटवरचा वॉचमनच आत सोडत नाही. मग तो बाहेरच्या चौकात उभा राहतो आणि त्याला भेटतात डिलिव्हरीवाले, ड्रायव्हर आणि कुत्रं फिरवणारे निवृत्त गृहस्थ. अशा चारशेंना विचारलं काय आणि चार हजारांना विचारलं काय, आतला माणूस सुटतो तो सुटतोच.

संख्या वाढवून ही चूक जात नाही, हे आपल्याच एका माणसाने शेतात सिद्ध करून दाखवलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. लंडनहून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर त्यांनी कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. एकरी उत्पन्न किती याचा अंदाज करायला शेतात एक छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापून वजन करायचं, अशी ती पद्धत. तुकडा लहान असेल तर काम स्वस्तात होतं, म्हणून लहानच घ्यावा असं सहज वाटतं. सुखात्म्यांना दिसलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगलेलं दिसतं. कारण साधं आहे: दोरीवर आलेलं रोपटं आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आतच घेतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून अशी आगंतुक रोपं जास्त. त्यात कोणाची लबाडी नसते. असे हजार तुकडे कापले तरी सरासरी फुगलेलीच राहणार, फक्त तिच्यावर आपला विश्वास वाढणार. याच विषयावर १९४०च्या दशकात त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा वाद झाला. सँपलिंगवरचा त्यांचा ग्रंथ १९५४ साली आला आणि जगभर वापरला गेला. एखादं अ‍ॅप ‘आमच्या लाखभर ग्राहकांनी रेटिंग दिलं’ असं सांगतं तेव्हा दोरीवरची रोपं कोणती, एवढं विचारावं.

जागेची निवड हाही नमुन्याचाच प्रश्न. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली एका गावाचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गाव होतं पिंपळे सौदागर. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. पण गाव पुण्याला आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याला इतकं जवळ की तिथल्या घरांत कारखान्याचा पगार येत होता. दख्खनचं सर्वसाधारण खेडं म्हणून ते कसं चालेल? मग मान यांनी कानिटकरांच्या सोबतीने शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक घेतलं, शहरापासून दूरचं, आणि तो दुसरा अभ्यास १९२१ मध्ये आला. आपलं पहिलं काम एका बाजूला झुकलेलं असू शकतं हे मान्य करून पुन्हा शेतात उतरणारा संशोधक विरळा. पिंपळे सौदागरमध्ये आज जमीन चौरस फुटांनी विकली जाते.

स्वतः पाहणी करण्याआधी दुसऱ्याने गोळा केलेली माहिती पाहावी, हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, परिवहन कार्यालयातल्या वाहन नोंदणीचे आकडे, बाजार समितीचे रोजचे भाव, महापालिकेची मिळकतकराची आकडेवारी, हे सगळं फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं. मात्र आकडा कधीचा आणि कुठल्या हद्दीचा ते आधी बघा. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती आणि आजही प्रकल्प अहवालांत तीच उतरवून काढली जाते. दरम्यान २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं हद्दीत आली. तेव्हाचं पुणं आणि आजचं पुणं यांच्या सीमाच वेगळ्या आहेत, आणि २०२१ची जनगणना झालेलीच नाही. वाकडसारख्या भागासाठी तर २०११चा आकडा जवळपास ऐतिहासिक मानावा. अशा वेळी शाळांतले प्रवेश किंवा नव्या वीजजोडण्या हे जास्त विश्वासू साक्षीदार.

काळाचा घोळ याहून मजेदार आहे. दुकानाचं सॉफ्टवेअर इंग्रजी महिन्यांनी अहवाल काढतं आणि आपलं गिऱ्हाईक तिथीने खरेदी करतं. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. ऑक्टोबर २०२२ आणि ऑक्टोबर २०२३ची विक्री समोरासमोर ठेवली तर मिठाईवाल्याला धंदा बुडाल्यासारखं वाटेल, नोव्हेंबरची ठेवली तर लॉटरी लागल्यासारखं. २०२३ मध्ये शिवाय अधिक श्रावण होता, त्यामुळे गणपती १९ सप्टेंबरपर्यंत लांबले. पितृपक्षाचा पंधरवडा सोन्या-कापडाच्या दुकानात शांत जातो, तोही पुढे सरकला. एखाद्या कंपनीचा दिल्ली किंवा मुंबईतला विश्लेषक या गोष्टींसाठी ‘सीझनल अ‍ॅडजस्टमेंट’चं मॉडेल चालवतो. पेठेतला मुनीम भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून सांगतो की मागच्या वर्षीची तुलना दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत करा. दोघं एकच काम करताहेत आणि मुनीम ते स्वस्तात करतो आहे. या पुस्तकात कालमालिकांचं प्रकरण लिहिताना त्याची रीत आधी दिली आहे, मॉडेल नंतर.

सांख्यिकीची सूत्रं पुस्तकात लागतील तेवढीच आहेत. सरासरी, मध्यांक, प्रमाणातली चूक, दोन गटांमधला फरक, आणि एका प्रकरणात रिग्रेशनची ओळख. संगणकावर हे सगळं आता दोन मिनिटांत होतं, त्यामुळे हाताने गणितं करायला लावलेली नाहीत. उलट यंत्राकडून प्रश्नावली लिहून घेणं आणि यंत्राकडूनच काल्पनिक उत्तरं भरून घेणं, हा नवा प्रकार उन्हाळी प्रकल्पांत शिरण्याची भीती आहे. त्याबद्दल एवढंच सांगतो की अशा अहवालात वाकडच्या रस्त्यावरची एकही पिशवी मोजलेली नसते. लोकांचे फोन नंबर आणि पत्ते गोळा करणाऱ्यांसाठी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यावर चार पानं आहेत. माहिती कशासाठी घेतली हे सांगणं आणि काम झाल्यावर ती पुसून टाकणं ही शिस्त दुकानदारालाही लावून घ्यावी लागेल.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक काम दिलं आहे आणि ते घरी बसून होत नाही. पहिल्या प्रकरणाचं काम असं: महात्मा फुले मंडईत सकाळी सात ते नऊ या वेळात एका गाळ्यापाशी उभं राहून किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला आणि किती जणांनी माल घेतला, याचे तीन वेगळे आकडे काढायचे. गाळेवाल्याची परवानगी आधी घ्या. तो ‘कशाला?’ असं विचारेल. मोजलेल्या आकड्यांवरून त्याने काय वेगळं करावं, हे दोन वाक्यांत सांगता येईपर्यंत वही उघडू नका.